एका चुलीवर जेवणारे

घरात माणसं किती, हा प्रश्न मी कधीच पहिला विचारत नाही. विचारला की लोक खोटं बोलतात, आणि तेही इतक्या प्रेमाने की आपल्यालाच लाजल्यासारखं होतं. ज्याला धान्य जास्त हवं असतं तो वारलेल्या आजोबांना उठवून बसवतो. ज्याला गरीब दिसायचं असतं तो कमावत्या मुलाला गावी पाठवून देतो. मला त्याची चीड येते असंही नाही. आमच्याच चारकोपच्या घरच्या रेशनकार्डावर माझा भाऊ प्रीतम आठ वर्षं गहू-तांदूळ खातोय, आणि तो राहतो वसईला. पण दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकलं की माझ्यातली ही समजूतदार बाई उंबऱ्याबाहेरच थांबते.

मी सुलक्षणा परब. निराधार बायकांसाठी एक योजना आहे, त्या योजनेच्या ऑफिसात कंत्राटावर गृहचौकशी करते. बाईचा अर्ज आला की तिच्या घरी जायचं, बघायचं आणि लिहायचं. बघायचं काय, तर कुटुंब. आमच्या परिपत्रकात कुटुंब म्हणजे अर्जदार, तिचा नवरा, लग्न न झालेली मुलं, आणि एका छपराखाली राहून एका चुलीवर जेवणारी बाकीची माणसं. त्यांत एक जरी धडधाकट, कमवायच्या वयाचा पुरुष निघाला तर बाई निराधार नाही, अर्ज बाद. त्यामुळे अर्ज आला की पुरुष लपतात. माझं काम त्यांना शोधायचं.

त्यासाठी मी सकाळी साडेसातला जाते. त्या वेळी आवराआवर करायला कोणाला सवड नसते. आधी दारातल्या चपला बघायच्या, मग मोरीत टाकलेली रात्रीची ताटं मोजायची, मग ब्रश. ब्रश हातात घेऊन बघायचा, ओला आहे की नाही. शेवटी घरातल्या पोराला विचारायचं. नऊ वर्षांत ह्या पद्धतीने मी एकदाही चुकले नव्हते. आमचे सेक्शनचे साहेब अंबादास तर नव्या पोरींना सांगायचे, परबबाईंकडून शिका. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मढच्या शकु कोळीचा अर्ज डिसेंबरात आला. 'पती बेपत्ता' ह्या चौकोनात खूण होती. पोलिसांच्या दाखल्याची झेरॉक्स जोडली होती, पण ती झेरॉक्सचीही झेरॉक्स, शिक्का सोडून सगळं काळं. बेपत्ता नवरे मी खूप बघितलेत. अर्धे भाईंदरला दुसरा संसार थाटून असतात आणि उरलेले अर्धे संध्याकाळी जेवायला घरी येतात.

मालाडहून पहिली बस धरून गेले. मढला उतरलं की एका अंगाला शूटिंगचे बंगले, त्यांच्यासमोर रात्रीपासून उभ्या असलेल्या मोठमोठ्या गाड्या, आणि दुसऱ्या अंगाला कोळीवाडा. वाळूवर बांबूच्या दांड्यांना बोंबील वाळत होते. शकुचं घर अगदी कडेला, दोन खोल्यांचं. पुढचं दार गल्लीत उघडायचं आणि मागचं सरळ समुद्रावर.

शकु चुलीपाशी भाकरी थापत होती. घरात गॅस होता, पण सकाळची भाकरी चुलीवरच, असं पुढे कळलं. पस्तिशीची, हाडाने बारीक, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. मी ते आल्या आल्या टिपलं. तिची मुलगी भाविका, अकरा वर्षांची, शाळेचा गणवेश घालून वेणी घालायची वाट बघत बसलेली. आणि पाटावर बसून जवळा निवडणारी सासू, सगुणा. कार्डाची प्रमुख तीच, कारण हल्ली घरातली वयाने मोठी बाईच प्रमुख असते. मी कार्ड मागितलं. त्यावर चार नावं होती. सगुणा, तिचा मुलगा अनंता, सून शकु, नात भाविका.

मी न विचारताच सगुणा म्हणाली, चारी जणं जेवतात. शकुने मान वर केली नाही. मला ते गप्प बसणं ओळखीचं वाटलं. घरातल्या एकाच्या तोंडून खरं निसटलं की दुसरा असाच तव्याकडे बघत बसतो.

मोरीत रात्रीची चार ताटं होती. चारही खरकटी. तीन ताटांत मांदेलीचे काटे कडेला काढून ठेवलेले, चौथ्यात काटासुद्धा नव्हता, बोटाने पुसून खाल्ल्यासारखं स्वच्छ. खिडकीत प्लास्टिकच्या पेल्यात चार ब्रश, चारही ओले. त्यांतला हिरवा मी दोन बोटांत धरून बघितला, पाणी बोटांवर आलं. मागच्या दाराशी पुरुषाच्या मोठ्या रबरी चपला होत्या, आणि तळव्याला ओली वाळू. एवढं मिळाल्यावर मी भाविकाला जवळ बोलावलं आणि बाबा कधी येतात म्हणून विचारलं. तिने आजीकडे बघितलं आणि सांगितलं, रात्री.

शेजारी चौकशी करायचा नियम आहे. मी केली नाही. मला खात्री झाली होती आणि साडेनऊची बस होती. बसमध्येच अहवाल लिहिला. अर्जदाराचा पती रात्री घरी येतो, जेवतो व पहाटे निघून जातो असे प्रत्यक्ष पाहणीत दिसून आले, सबब पती कुटुंबात समाविष्ट. 'प्रत्यक्ष पाहणीत' हे शब्द मला फार आवडायचे. दोन आठवड्यांत अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र गेलं, आणि कारणाच्या जागी माझी वाक्यं जशीच्या तशी छापली गेली.

जानेवारीत एक दिवस शकु ऑफिसात आली. पत्राची घडी हातात, चेहरा कोरडा. मला वाटलं आता भांडण होणार. भांडणाची मला सवय आहे, मी खुर्ची सरळ करून बसले. ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मला सासूने पाठवलंय. तुम्ही त्याला बघितलं ना, तर विचारून ये म्हणाली, कसा दिसत होता. बारीक झालाय का."

मला आधी काही कळलंच नाही. मी म्हटलं, कोण? ती म्हणाली, माझा नवरा. सहा वर्षांपूर्वी बोट बुडाली त्याची.

ऑफिसात पंखा चालू होता, बाजूच्या टेबलावर कोणीतरी डबा उघडत होतं. मी उठले आणि तिला खाली चहाच्या टपरीवर घेऊन गेले. तिथे तिने सगळं सांगितलं. ऑक्टोबरातलं वादळ होतं. बोटीवर सहाजण. तिघांची प्रेतं तीन दिवसांत लागली, दोघांची नंतर डहाणूकडे कुठेतरी. अनंताचं काहीच नाही. प्रेत नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही. सात वर्षं कोणी दिसला नाही तर कोर्टात जाऊन तो गेला असं ठरवून घेता येतं. सातला अजून वर्ष बाकी, आणि कोर्टाला किती लागतील कोणास ठाऊक.

मी मुद्द्याचं विचारलं. म्हटलं, मग ते ताट? ब्रश? चपला?

शकुने ग्लास खाली ठेवला. त्यांच्या घरात रीत अशी, की माणूस बोटीवर गेला की तो परत येईपर्यंत त्याचं पान रोज मांडायचं. मांडलं नाही तर तो उपाशी राहतो. बोट गेल्यावरही सगुणा अनंताचं पान मांडत राहिली, आणि एक दिवस म्हणाली, तो जेवल्याशिवाय मी जेवणार नाही. तीन दिवस पाण्यावर राहिली. चौथ्या रात्री म्हातारीचा डोळा लागल्यावर शकुने ते ताट स्वतः खाल्लं, काटे कडेला काढून ठेवले, हिरवा ब्रश ओला केला, नवऱ्याच्या चपला पायात घालून पाण्यापर्यंत जाऊन आली आणि होत्या तिथे ठेवल्या. सकाळी सगुणाने सगळं बघितलं आणि भाकरी खाल्ली. तेव्हापासून रोज.

म्हणजे मी पकडलेला नवरा ह्या बाईनेच रोज रात्री उभा केला होता, सासूने जेवावं म्हणून. आणि मी हुशारी करून तो तिच्याच गळ्यात मारला होता. मला स्वतःची किळस आली. मी तिला म्हटलं, अगं, निदान त्या एका दिवशी तरी करायचं नाहीस, चौकशी येणार माहीत होतं ना.

"मी दोन वर्षांपूर्वीच सोडलं, मॅडम," ती म्हणाली.

बंगल्यावर भांडी घासायचं काम होतं तिला, शूटिंग असलं की मध्यरात्र व्हायची. एकदा दमून आली ती तशीच झोपली. सकाळी धडपडत उठली तर ताट खाल्लेलं, ब्रश ओला, चपलांना वाळू. तिला वाटलं, म्हणजे आईंना सगळं ठाऊक आहे आणि आता त्याच करतात, आपल्याला बरं वाटावं म्हणून. तिला खरंच बरं वाटलं. त्या दिवसापासून तिने त्या ताटाला हात लावला नाही. विचारलं नाहीस का, असं मी म्हटलं, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच वेडी. असं विचारतात कसं, म्हणाली.

निघताना तिने आणखी एक सांगितलं, आणि सगळ्यात वाईट तेच होतं. बंगला विकला गेला, काम सुटलं. सगुणाच्या डोळ्यांना आता नीट दिसत नाही, बाजारात पाटी घेऊन बसणं जमत नाही. देवनारला शकुचा भाऊ आहे, त्याच्या बायकोला लहान बाळ. तो म्हणतो, भाविकाला आमच्याकडे पाठव, खाईल-पिईल आणि बाळाला बघेल. शाळा तिथे लावू म्हणतो. शकु म्हणाली, लावणार नाहीत, मला माहितीय ना. परीक्षा संपली की मुलीला न्यायला येणार होते. ही योजना मिळाली असती तर पोरीच्या शाळेचाही खर्च त्यात होता.

अंबादास साहेबांकडे मी त्याच दुपारी गेले आणि माझा अहवाल चुकीचा आहे म्हणून सांगितलं. ते आधी हसले. मग दार लोटून घेऊन म्हणाले, एकदा लिहिलेलं पुसता येत नाही, पण महिन्याच्या आत एक फेरचौकशी लावता येते. त्यात कार्डाच्या प्रमुखाचा जबाब हवा, अंगठ्यानिशी. हा मुलगा सहा वर्षं ह्या घरात राहत नाही, ह्या चुलीवर जेवत नाही, एवढं त्या म्हातारीने सांगितलं की नाव कमी होतं, आणि बाई निराधार ठरते. म्हणजे सगळं सगुणाच्या एका वाक्यावर आलं. आणि शकु म्हणाली होती, नामंजुरीचं पत्र सासूने दत्ताच्या तसबिरीमागे ठेवलंय. वाचता येत नाही, पण रोज भाविकाकडून वाचून घेते. सरकारने लिहून दिलंय, तो येतो, म्हणते.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. भाविका शाळेत होती. ऊन असं की वाळूवर नजर ठरत नव्हती. शकुने मला सतरंजी घातली आणि स्वतः मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसली. सगुणाने मला ओळखलं, पाणी दिलं, पुन्हा जवळा निवडायला बसली, आणि मी कागद काढायच्या आत विचारलं, "कुठं बसला होता, बाय?"

मी सांगितलं, मावशी, मी त्याला बघितला नाही. मी कोणालाच बघितलं नाही.

"मंग लिवलंस कशाला?"

मला वाटलं, आता खरंच बोलावं. एवढे दिवस मी खऱ्याचाच आव आणत आले होते. मी ताट सांगितलं, ब्रश सांगितला, चपला सांगितल्या. सगुणा ऐकत होती आणि मान हलवत होती, जसं काही मी तिला बाजारातला भाव सांगतेय. माझं संपल्यावर ती हसली. ते शकु करते, म्हणाली. पहिल्या रात्रीपासून ठाऊक होतं तिला. अनंताला लहानपणापासून मांदेली काट्यासकट चावून खायची सवय. ताटात काटा ठेवणं त्याला माहीतच नव्हतं. त्या पहिल्या सकाळी ताटात काटे बघितले आणि तिला कळलं, की सुनेने खाल्लंय. मग हिच्यासाठी तरी जेवलं पाहिजे म्हणून ती जेवली. एवढ्या वर्षांत हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. शकुकडे न बघता ती मला म्हणाली, गुणाची हाय पोरगी, अजून करते.

शकु उंबऱ्यावरून म्हणाली, "आई, मी नाय करत. दोन वर्सं झाली. तुम्ही करता ना."

सगुणाचे हात जवळ्यावर थांबले. मी कंदी त्याचे ताटाला हात लावला नाय, ती म्हणाली.

मला आधी वाटलं, दोघींतली एक लाजून खोटं बोलतेय. दिवसाउजेडी मला अजूनही तसंच वाटतं. मी घाईने म्हटलं, भाविका करत असेल. शकुने नाही म्हणून मान हलवली. भाविका अंधार पडल्यावर दाराबाहेर पाऊल टाकत नाही, संडासला जायचं तरी आईला उठवते. आणि नेमकी तेव्हाच माझ्या डोळ्यांसमोर ती मोरी आली, आणि माझ्या तोंडाला जी सवय लागलेली आहे तिने घात केला. मी बोलून गेले, की मी आले त्या सकाळी तिघांच्या ताटांत काटे होते, चौथ्यात एकही नव्हता.

मी हे बोलायला नको होतं. त्या घरात जाऊन मी दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा तोच माणूस आत आला.

सगुणाने डोळे मिटले. "मांदेलीच होती त्या रातीला," ती म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला, की मला तिच्याकडे बघवेना. सहा वर्षं ती सुनेची दया म्हणून जेवत होती, आणि आता तिला कळलं होतं की मुलगा खरोखर येतो. आता ह्या बाईने जबाब देणं शक्यच नव्हतं. कुठली आई देईल? शकुलाही ते कळलं. तिने माझ्यासमोरचे कागद गोळा केले, कोपरे जुळवले आणि माझ्या हातात दिले. राहू द्या मॅडम, म्हणाली, परीक्षा झाली की भाविकाची बॅग भरते. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

मी उठायला लागले. सगुणाने माझा हात धरून खाली बसवलं. काय बोलायचं हाय ते वाच, म्हणाली.

मी वाचलं. माझा मुलगा अनंता हा गेली सहा वर्षे या घरात राहत नाही व आमच्या चुलीवर जेवत नाही. तो आमच्या कुटुंबात नाही.

तिने पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, ह्याच्यावर अंगठा दिला तर भाविका इथेच राहील का, ह्याच शाळेत जाईल का. मी म्हटलं, हो. मग तिने विचारलं, आणि अनंता? मी म्हटलं, कार्डावरचं नाव जाईल. "म्हंजी आमचा कोनी नाय तो," ती म्हणाली. मी म्हटलं, कागदावर मावशी, फक्त कागदावर. नऊ वर्षं हा शब्द मी लोकांना समजवायला वापरत आले, त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याची लाज वाटली.

तिने हात लुगड्याला पुसला आणि अंगठा पुढे केला. मी शाई लावली. तिचा अंगठा मासे साफ करून करून गुळगुळीत झालेला, रेषा उमटेनात. तीन वेळा दाबावा लागला. तिसऱ्यांदा उमटला.

अर्ज पुढे मंजूर झाला. भाविका आता सातवीत आहे, त्याच शाळेत, आणि गणितात बरी आहे म्हणतात. हे आत्ताच सांगून टाकते, कारण अंगठ्यानंतर जे झालं ते कुठल्या रकान्यात लिहिता येत नाही आणि मी ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

सगुणा गुडघ्यावर हात टेकून उठली आणि घराच्या मधोमध उभी राहिली. आवाज चढवला नाही. खोलीत बसलेल्या माणसाशी बोलतो तशी बोलली.

"अनंता, आता येव नको रं बाला. मी लिवून दिलंय. पोरीसाठी दिलंय, मना माफ कर. तुज्या घरान आता तुजं पान नाय."

समुद्राला ओहोटी होती, मागे काहीच आवाज नव्हता. शकुच्या तोंडातून एक हुंदका आला आणि मग तिला आवरेना. सहा वर्षं तिला कोणी विधवा म्हटलं नव्हतं. सासूने म्हटलं.

सगुणा मागच्या दाराशी गेली, अर्धं लोटलेलं फळकूट तिने पूर्ण उघडलं आणि स्वतः भिंतीला लागून बाजूला उभी राहिली. बाहेर जाणाऱ्याला जागा द्यावी तशी. उंबऱ्यावर शकु बसली होती. रडता रडता तिने साडी आवरली आणि पाय जवळ ओढून घेतले.

मी सतरंजीवर होते, वाटेतच. मीही पाय जवळ घेतले.